सरजाबाईनं चिकटवलेली चिठ्ठी

नांदेडच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, सरजाबाई गजभारे परिचर होती. सकाळी कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, सूक्ष्मदर्शकांवरची फडकी काढून घडी घालायची, आणि दुपारभर हर्बेरियमच्या खोलीत बसून वाळलेल्या फांद्या जाड कागदावर चिकटवायच्या, हे तिचं काम. दहा वर्षं बाईनं मान खाली घालून नोकरी केली, असं कॉलेजातले लोक सांगायचे. मान खाली असायची हे खरं, पण ती कागदावरची फांदी नीट बघण्यासाठी.

मूळची ती मुखेड तालुक्यातल्या हिप्पळवाडीची. गावाच्या मागं गिधाडकडा नावाचा डोंगर. त्याचा अलीकडचा उतार मुखेडात आणि पलीकडचा उदगीर तालुक्यात. दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिचा नवरा रामकिशन साप चावून गेला. पदरात दोन वर्षांची मुलगी, घरात सासू कोंडाबाई, आणि वर बहात्तरचं साल. विहिरी बुडापर्यंत गेल्या. गुरं लोकांनी सोडून दिली. गावाजवळ पाझर तलावाचं सरकारी काम निघालं, तिथं सरजाबाई खडी फोडायला बसली. शेजारच्या ढिगावर केवळाबाई बसायची. दोघी कामावर मिळणारा सुकडीचा लाडू अर्धा अर्धा करून खायच्या आणि उरलेला पोरीला न्यायच्या.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात त्या कामावर एक जीप आली. आतून उतरले प्राध्यापक विरूपाक्ष हालकुडे. दुष्काळात लोक रानातलं काय काय खातात, कोणत्या वनस्पती तगून राहतात, याचा ते शोध घेत होते. त्यांनी मुकादमाला विचारलं, मुकादमानं बायांना विचारलं, आणि बायांनी एकमुखानं सरजाबाईकडं बोट केलं. बकऱ्यांच्या मागं सगळं लहानपण डोंगरात काढलेली ती. कुणाचं हाड मोडलं की कांडवेल आणायला तिच्याच आईला बोलावणं यायचं.

सरजाबाई हातोडी खाली ठेवून उठली. "चला दावते," म्हणाली.

डोंगर सगळा करपलेला होता. पण नाल्याच्या कडेनं, पाऊस यायच्या आधीच, काही वेलींना कोवळी पालवी फुटलेली होती. मनगटाएवढ्या जाड एका वेलीपाशी ती थांबली. विळ्यानं तिनं आधी वरचं टोक तोडलं, मग खालचं, आणि तो हातभर तुकडा सरांच्या तोंडावर उभा धरला. आतून पाणी ठिबकलं. घोटभरच, पण गोड.

"हिला काय म्हणतात?" सरांनी ओठ पुसत विचारलं.

"पाणवेल."

"आणि ही पलीकडची?"

"तो गोलिंदा. त्याला रानातली द्राक्षं येतेत. त्याचा गड्डा भुईत ऱ्हातो, म्हणून मरत न्हाई."

सरांनी दोन्हींची पानं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. गोलसर, रुंद, देठापाशी खाच असलेली पानं. "एकच दिसतात," ते म्हणाले.

"दिसतेत," सरजाबाई म्हणाली, "पर न्हाईत."

त्या पावसाळ्यात सरांनी निरोप पाठवला. विभागात परिचराची जागा रिकामी आहे, येतेस का? सासू आणि लेक घेऊन ती नांदेडला आली. गावच्या शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या तेवढ्या शिदोरीवर तिनं मराठी लेबलं वाचली. मग पोरीच्या पुस्तकातून इंग्रजी अक्षरं उचलली आणि लेबलांवरची लांबलचक नावं एकेक अक्षर लावत म्हणायला लागली. सरांबरोबर सहलींना जायची. बूट चिखलानं भरलेले सर पुढच्या गावच्या चहाची वाट बघत बसायचे, तेव्हा ती झाडावर चढलेली असायची. आणलेली फांदी वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबायची, रोज कागद बदलायची, वाळली की चिकटवायची. कोपऱ्यात लेबल लागायचं. त्यात 'संग्राहक' म्हणून एक ओळ असे. त्या ओळीवर काय टाइप होतं, याकडं तिनं कितीतरी वर्षं लक्ष दिलं नव्हतं.

ते लक्ष गेलं ब्याऐंशीत.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला उस्मानाबादचे तालुके तोडून लातूर हा नवा जिल्हा झाला. हालकुडे सर आता विभागप्रमुख होते, आणि मूळचे उदगीरचे. त्यांना हुरूप चढला. नव्या जिल्ह्याच्या वनस्पतींची पहिली यादी आपल्या नावावर निघाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा इथले सगळे जुने नमुने कपाटातून काढायचे आणि 'जिल्हा उस्मानाबाद'च्या जागी 'जिल्हा लातूर' असं नवं लेबल लावायचं. टाइप करायचं काम हंगामी प्राध्यापिका महानंदा मॅडमकडं, चिकटवायचं सरजाबाईकडं.

तिसऱ्या कपाटात द्राक्षकुल होतं. द्राक्षाच्या घराण्यातल्या सगळ्या वेली, म्हणजे कांडवेल, आंबटवेल, गोलिंदा, अशा एकेका फाइलीत. सरजाबाईनं गोलिंद्याची फाइल उघडली. वरची दोन शीटं बरोबर होती. तिसरं हातात घेतलं आणि ती तशीच थांबली.

ती फांदी तिच्या ओळखीची होती. शहात्तर साली, गिधाडकड्याच्या उदगीरकडच्या उतारावर, उंबरावर चढून तिनंच ती कापली होती. कापताना मनगटावर पाणी ओघळलेलं तिला आठवत होतं. ती पाणवेल होती. लेबलावर मात्र लिहिलं होतं, अँपेलोसिसस, म्हणजे गोलिंद्याचा वंश. आणि खाली: संग्राहक, वि. हालकुडे. त्या सहलीत सर डोंगरावर आलेच नव्हते. पाय मुरगळला म्हणून ते पायथ्याला जीपमध्ये बसून होते.

मग तिनं बाकीची शीटं चाळली. अर्ध्याहून अधिक फांद्या तिच्या हातच्या. नाव सगळ्यांवर एकाचंच.

"मॅडम," तिनं महानंदाला हाक मारली, "ही पाणवेल हाय. लेबल खोटं हाय."

महानंदानं भिंग लावून शीट पाहिलं. "फूल नाही, फळ नाही. नुसत्या पानावरून सरांनी ठरवलेलं दिसतंय." ती आवाज उतरवून म्हणाली, "सरजाबाई, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण माझी ऑर्डर दर वर्षी सरांच्या सहीनं निघते."

"तुमची निघती. माझी न्हाई," असं म्हणून सरजाबाई शीट घेऊन थेट सरांच्या खोलीत गेली.

सर यादीची प्रत तपासत होते. त्यांनी शीटकडं नजर टाकली. "काय झालं?"

"सर, ह्यो गोलिंदा न्हाई. गोलिंद्याच्या फुलाच्या देठालाच ताणा फुटतो, वेल ज्यानं आधार धरती तो ताणा. पाणवेलीचा फुलोरा सुटा असतो, ताण्याचा न् त्याचा संबंध न्हाई. गोलिंद्याच्या फुलाला पाच पाकळ्या, पाणवेलीला चार. ही पाणवेल हाय, मी तोडलेली."

सर हसले. रागानं नाही, कौतुकानंच, आणि तेच तिला जास्त लागलं. "सरजाबाई, झाडं तोडणं वेगळं आणि वर्गीकरण वेगळं. वनस्पतीची जात ओळखायला शिकावं लागतं."

"जात वळखायला आमच्या गावात कुणाला शिकावं लागलं न्हाई, सर," ती म्हणाली. "वेलीची मातर शिकावी लागती. मी शिकले."

सरांचं हसू मावळलं. "लेबल टाइप होईल ते चिकटव. तुझं काम गोंद लावायचं आहे."

सरजाबाईनं त्या दिवशी बाकीची एकोणचाळीस लेबलं चिकटवली. चाळिसावं टेबलावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशीही ते तिथंच होतं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिला मेमो मिळाला: वरिष्ठांनी दिलेलं काम हेतुपुरस्सर टाळल्याबद्दल खुलासा करावा. लोकांना वाटलं, आता बाई जाऊन पाया पडेल. तिनं घरी जाऊन वहीचं पान फाडलं आणि सासूच्या शेजारी बसून खुलासा लिहिला. कोंडाबाई म्हणाली, "चार शब्द गोड लिही गं." सरजाबाईनं लिहिलं ते असं:

'मी लेबल चिकटवलं नाही हे खरं आहे. ते लेबल चूक आहे. चूक लेबल चिकटवणं माझ्या कामाच्या यादीत नाही. वेल कोणती हे फुलावरून ठरवावं, मी फूल आणून देते. संग्राहक मी आहे हेही लेबलावर लिहावं. आपली, सरजाबाई रामकिशन गजभारे.'

खुलासा वाचून सरांनी तिची हर्बेरियमची किल्ली काढून घेतली आणि तिला कार्यालयात पाठवलं. तिथं घंटा द्यायची, फायली इकडून तिकडं न्यायच्या आणि आलेल्या-गेलेल्याला पाणी द्यायचं. विभागात नवा माणूस आला, त्याला डांबरगोळ्या कुठं ठेवायच्या हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात शीटांना बुरशी धरायला लागली. महानंदा जाता-येता सांगायची आणि सरजाबाई ऐकून घ्यायची. पण कार्यालयात कुणी "काय सरजाबाई, झाली का खोड मोडून?" असं म्हटलं की ती घंटेचा टोल जरा जास्तच जोरात द्यायची.

तिनं वर्षभर वाट पाहिली. वेलीला फूल तिच्याच वेळेला येतं, माणसाच्या भांडणाला ती काही लवकर फुलत नाही. त्र्याऐंशीच्या जुलैत, एका रविवारी, सरजाबाई मुखेडच्या एसटीत बसली. पिशवीत विळा, जुनी वर्तमानपत्रं, आणि महानंदानं कुणाला न सांगता दिलेल्या स्पिरिटच्या दोन बाटल्या. हिप्पळवाडीच्या फाट्यावर उतरली तर केवळाबाई तिथं उभी. तिला निरोप गेला होता.

"फुलासाठी तिकीट काढून आलीस व्हय!" केवळाबाई म्हणाली. "येडी झालीस का गं नांदेडला ऱ्हाऊन?"

"हाव. चल."

दोघी डोंगर चढल्या. मुखेडकडच्या उतारावर गोलिंदा लगेच सापडला. त्याची फुलं बरीचशी सरत आली होती, पण तांबूस कळ्यांचा एक झुबका अजून होता आणि त्याच्या देठातून ताणा निघून शेजारच्या फांदीला विळखा घालून बसला होता. सरजाबाईनं ताण्यासकट कापला. पण पलीकडच्या उतारावर जुना उंबरच दिसेना. कुणीतरी तोडून नेला होता. खोडाचं थोटूक तेवढं राहिलं होतं, आणि वेलीचा पत्ता नव्हता.

केवळाबाई दगडावर बसली. "झालं. आता?"

सरजाबाई नाल्यात उतरली. दुपार टळेपर्यंत ती त्या नाल्यानं वर गेली, खाली आली. काटे लागले, लुगडं फाटलं, एकदा शेवाळ्यावरून घसरून गुडघा सोलला. केवळाबाई वरून शिव्या घालत होती आणि मागोमाग येतही होती. शेवटी नाल्याच्या वळणावर, एका वाकलेल्या करंजाच्या शेंड्यावर, तिला ती पानं दिसली. खालचं खोड चाचपडलं. मांडीएवढं जाड. थोटकाकडून जमिनीवरून सरपटत येऊन तीच वेल इथं वर चढली होती. लोकांनी तिचा उंबर नेला, तिनं करंज धरला होता.

सरजाबाई करंजावर चढली. फुलोरे होते, बारीक हिरवट फुलांचे, आणि त्यांच्या देठाला ताणा नव्हता. तिनं उमललेली फुलं घेतली नाहीत. उमलल्यावर याच्या पाकळ्या हात लागताच गळतात, हे तिला माहीत होतं. तिनं मिटलेल्या कळ्या बाटलीत टाकल्या, आणि खाली बघून ओरडली, "केवळे, घावली गं!" दोघी एवढ्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या शेतातला माणूस वखर थांबवून बघत राहिला.

गुरुवारी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. नेमकं फुलांचं. हालकुडे सर वर्गात उभे होते. कार्यालयातली सरजाबाई दारातून आत आली आणि तिनं पुढच्या टेबलावर काचेच्या दोन बशा ठेवल्या.

"काय आहे हे?" सरांनी विचारलं.

"खुलाशात म्हणले होते, फूल आणून देते. आणलं."

वीस-पंचवीस पोरं-पोरी बघत होती. महानंदा मागच्या बाजूला होती; ती पुढं आली आणि तिनं सूक्ष्मदर्शक सरांसमोर सरकवला. हंगामी बाईनं तेवढं करणं त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

"ही नंतर बघू," सर म्हणाले.

"आताच बघा, सर. वर्षभर थांबले मी. कळी फोडा न् मोजा."

सर विद्वान होते, हट्टी होते, पण समोर ठेवलेलं फूल न बघता निघून जावं एवढे ते पडलेले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, सुईनं कळी उलगडली आणि डोळा लावला. बराच वेळ ते वाकून होते. मग त्यांनी दुसरी कळी घेतली, मग तिसरी. नंतर दुसऱ्या बशीतली, गोलिंद्याची. त्या बशीतला फुलोरा त्यांनी चिमट्यानं उचलून त्याच्या देठाचा ताणाही पाहिला.

"लिहून घ्या," ते वर्गाकडं वळून म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "उजवीकडचा नमुना, पाकळ्या पाच, फुलोऱ्याच्या देठावर प्रतान, म्हणजे ताणा. अँपेलोसिसस. डावीकडचा नमुना, पाकळ्या चार, फुलोरा प्रतानरहित. सिसस." फळ्यावर त्यांनी दोन्ही नावं लिहिली. कळ्या कुणी आणल्या ते त्यांनी सांगितलं नाही. पण शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलंच, "सर, हे नमुने कुठले?" सरांनी उत्तर द्यायच्या आत सरजाबाई म्हणाली, "गिधाडकडा, तालुका मुखेड न् तालुका उदगीर. संग्राहक सरजाबाई गजभारे." आणि मुलीनं ते लिहून घेतलं.

तास संपल्यावर सरांनी तिला खोलीत बोलावलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तू म्हणालीस ते बरोबर निघालं. महानंदाला सांगून नवं लेबल करून घे. निश्चिती म्हणून माझं नाव टाक."

"कामून?" सरजाबाई म्हणाली. "वळखलं कुणी?"

"निश्चिती करणाऱ्याला पात्रता लागते. चौथी शिकलेल्या माणसाचं नाव तिथं येत नाही."

"कुठं लिहिलंय? मला दावा. दावलं तर मी गप बसते, जन्मात ह्यो विषय काढत न्हाई."

सरांनी मागच्या कपाटाकडं पाहिलं. नियमांची पुस्तकं तिथं होती. त्यांना माहीत होतं, तसा नियम एकाही पुस्तकात नव्हता. त्यांचा चेहरा लाल झाला. "त्र्याहत्तरला मी तुला खडीच्या ढिगावरून उचललं," ते म्हणाले, "त्याची ही फेड?"

सरजाबाईचा आवाज चढला नाही. "खडी इसरले न्हाई मी. पर तुमी मला उचललं न्हाई, सर. डोंगरावर मी म्होरं होते. तुमी मागून येऊन ऱ्हायला होता."

सरजाबाईनं त्यांच्या मागच्या खिळ्यावरची हर्बेरियमची किल्ली काढली. तिनं ती लपून काढली नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन काढली. त्यांनी अडवलं नाही.

खोलीत बुरशीचा वास भरला होता. आधी तिनं खिडक्या उघडल्या. मग तिसऱ्या कपाटातून ते शीट काढलं. हर्बेरियमची एक रीत असते, जुनं लेबल चुकीचं असलं तरी फाडायचं नाही. त्याच्या शेजारी दुरुस्तीची नवी चिठ्ठी लावायची, म्हणजे कुणी काय म्हटलं होतं आणि नंतर कुणी काय म्हटलं ते दोन्ही राहतं. ती रीत तिला पटायची. तिनं छोटी चिठ्ठी कापली आणि शाईच्या पेनानं मराठीत लिहिलं: 'सिसस. पाणवेल. जि. लातूर. निश्चिती व संग्राहक: सरजाबाई गजभारे, १९८३.' गोंद लावला, वर टीपकागद ठेवून अंगठ्यानं दाबलं, आणि शीट गोलिंद्याच्या फाइलीतून काढून सिससच्या फाइलीत ठेवलं. ते आजही तिथंच आहे.

हालकुडे सरांनी ती चिठ्ठी काढली नाही. तिच्यावर सहीही केली नाही. त्या चिठ्ठीबद्दल निवृत्त होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी सरजाबाईची बदली परत विभागात झाली, कारण काही दिलं नव्हतं. यादी छापून आली तेव्हा पाणवेल योग्य जागी होती, आणि प्रस्तावनेच्या शेवटी 'परिचर वर्गाच्या सहकार्याबद्दल आभार' अशी ओळ होती. सरांनी तिला एक प्रत दिली. तिनं प्रस्तावना उभ्या उभ्या वाचली आणि प्रत त्यांच्या टेबलावर परत ठेवली. "ह्यात मी न्हाई," म्हणाली. "जिच्यात हाय ती मी बनवून ऱ्हायले."

आणि खरंच बनवत होती. त्या दिवसापासून आणलेल्या प्रत्येक फांदीला तिनं स्वतःचा क्रमांक दिला. स. गजभारे १, स. गजभारे २. सहल विभागाची असो की रविवारची, फांदी तिनं तोडली तर नाव तिचंच. सुरुवातीला कुरकुर झाली. मग विद्यार्थीच विचारायला लागले, बाई, हे तुमच्या कितव्या क्रमांकावर? महानंदाची नोकरी मात्र त्या वर्षी गेली; ऑर्डर निघाली नाही. दोन वर्षांनी ती लातूरच्या एका कॉलेजात कायम झाली आणि तिथून तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की सरजाबाईनं दिलेल्या गजभारे क्रमांक एक ते पन्नासच्या जोडनमुन्यांचं, म्हणजे त्याच झाडांच्या जास्तीच्या फांद्यांचं पार्सल पुण्याच्या एका जुन्या वनस्पतिसंग्रहाला अदलाबदलीसाठी पाठवलं.

महिन्याभरानं सरजाबाईकडं पोचपावतीचं कार्ड आलं. नमुने उत्तम आहेत, कळ्यांसकट जपलेले नमुने क्वचितच मिळतात, पुढचेही पाठवावेत. वर पत्ता होता: 'श्री. एस. गजभारे, नांदेड.'

कोंडाबाई तोवर थकली होती, पण कार्ड हातात घेऊन तिनं सगळ्या गल्लीला दाखवलं. सरजाबाईनं मात्र त्याच दिवशी पोस्टात जाऊन उलट कार्ड टाकलं. 'नमुने पोचले, आनंद झाला. मी बाई आहे. रजिस्टरात दुरुस्ती करावी. क्रमांक ५१ ते ८० पाठवत आहे, पण दुरुस्तीचं पत्र आल्यावर.'

पार्सल तिनं दोऱ्यानं बांधून तयार ठेवलं होतं. सतरा दिवस ते कपाटावर पडून राहिलं. महानंदाचं पत्र आलं, एवढं ताणू नका, नमुने तर पाठवा. सरजाबाईनं पाठवले नाहीत. अठराव्या दिवशी पोस्टमननं कार्ड आणून दिलं. त्यावर टाइप केलं होतं: 'श्रीमती सरजाबाई गजभारे, वनस्पती संग्राहक.'

तिनं ते दोनदा वाचलं, पदराला हात पुसले, आणि पार्सल उचलून पोस्टाकडं निघाली.